मंडळींचं जेवण

बाई कुठल्याही झाडाजवळून सरळ पुढे निघून गेल्या, असं मी कधी पाहिलं नाही. आधी एक पान दोन बोटांत धरायच्या, अलगद उलटं करायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि पानाच्या पाठीकडे बघत राहायच्या. आपण शेजारी उभे आहोत हे त्यांच्या गावीही नसायचं. मग पान सोडून देत म्हणायच्या, "वरून काय, सगळंच हिरवं असतं."

बागेत असं केलं तर कोणी काही म्हणणार नाही. बाई हे लग्नाच्या स्टेजवर करायच्या. माझ्या भाचीच्या रिसेप्शनला नवरा-नवरी फोटोसाठी हसून हसून थकली होती, मागे रांग लागली होती आणि बाई त्यांच्या पाठीमागच्या सजावटीतली गुलाबाची पानं उलटी करून बघत होत्या. व्हिडिओवाल्याने ते सगळं व्यवस्थित टिपलं आहे. शेजारच्यांच्या सत्यनारायणाला गुरुजींनी विड्याची पानं मांडली, तेव्हा बाईंचा हात पुढे जाताना मी स्वतः धरला होता.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांना घेऊन कुठे जायचं म्हणजे आधी दहा वेळा विचार करावा लागतो, आणि त्यांच्याशिवाय जायचं म्हणजे कार्यक्रम अळणी होतो.

माझी नर्सरी आहे, कल्याण-शीळ रस्त्याला लागून. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा समोर रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. दिवसभर उडणाऱ्या धुळीने माझी झाडं करडी व्हायची, आणि धूळ आणि ऊन एकत्र आलं की लाल कोळी माजतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा कोळ्याच्या जातीचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढा जीव. पानाच्या पाठीवर बसून रस शोषतो, पान फिकट होतं, बारीक जाळी धरते आणि बघता बघता झाड बसतं. त्या उन्हाळ्यात माझे निम्मे गुलाब त्याने धरले होते. गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून मी ते शेडच्या मागे, रिकाम्या कुंड्यांच्या आड लपवून ठेवले होते.

बाई पुढच्या टवटवीत झाडांकडे ढुंकूनही न बघता थेट मागे गेल्या. मी धावत गेले तर त्या सगळ्यात मरतुकड्या गुलाबापाशी उकिडव्या बसलेल्या.

"ही किती सुरेख लागण आहे," त्या म्हणाल्या. "कितीला देणार?"

"मावशी, ती विकायची नाहीत. पुढे या, चांगली दाखवते."

"चांगली मला नकोत. याहून वाईट असेल तर दाखवा."

मला वाटलं, ही भाव पाडायची नवीन तऱ्हा आहे. आमच्या धंद्यात लोक कुंडीची चीर दाखवून भाव करतात, माती ओली आहे म्हणून करतात, पण रोगाचं कौतुक करून कोणी केला नव्हता. मी जरा फटकळच आहे. म्हटलं, "फुकट घ्या आणि माझी पीडा न्या." बाईंनी दोन्ही हातांनी कुंडी उचलली, पदर सांभाळत रिक्षात बसल्या आणि तो गुलाब मांडीवर घेऊन निघून गेल्या.

पंधरवड्याने त्या परत आल्या, हातात कागदाची पिशवी. पिशवीत फरसबीची पानं. ती त्यांनी माझ्या उरलेल्या आजारी गुलाबांवर फांदीफांदीत अडकवली आणि मला दम भरला, "आता यावर औषध मारायचं नाही. एक थेंबही नाही. मारलंत तर मला कळेल."

मला ते थोतांड वाटलं. पण बाईंच्या आवाजात काहीतरी होतं. कल्याणच्या एका कॉलेजात त्यांनी निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि शेवटच्या बाकावर बसलेल्यांना वठणीवर आणायची सवय त्या आवाजाला होती. मी पंप उचलला नाही. महिन्याभरात गुलाबांना नवी पालवी आली आणि पालवीच्या पाठीवर काही नव्हतं.

त्या फरसबीच्या पानांवर आणखी एक कोळी होता. तो झाड खात नाही. तो लाल कोळ्याला खातो, त्याची अंडी खातो, पिल्लं खातो, आणि हे सगळं एवढ्या लगबगीने की भिंगातून बघताना आपल्यालाच दमायला होतं. लाल कोळी जागच्या जागी बसलेला, सुस्त. हा त्याच्याहून किंचित लांबट, चकचकीत, आणि सतत धावणारा. बाई या दुसऱ्याला "मंडळी" म्हणायच्या. "मंडळी आज खुशीत आहेत." "मंडळींना ऊन लागलं." फोन केला आणि त्या घाईत असल्या की एकच उत्तर, "नंतर बोलू, मंडळींचं जेवण व्हायचंय."

आणि हे जेवण घरातच शिजत होतं. मंडळींना खायला लाल कोळी लागतो, लाल कोळ्याला खायला झाड लागतं, म्हणजे झाडं वाढवायची, त्यांच्यावर मुद्दाम रोग वाढवायचा आणि त्या रोगावर मंडळी वाढवायची. आम्ही सगळे जन्मभर जो जीव मारायला धडपडतो, त्याला बाई लाडाकोडाने पोसत होत्या. "अन्न आहे ते," त्या म्हणायच्या. "अन्नाला नावं ठेवू नये."

त्यांचं घर डोंबिवली पूर्वेला, जुन्या सोसायटीत तळमजल्यावर. एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत फरसबीची निरोगी रोपं आणि तिथेच बाईंची खाट. मधल्या खोलीत लाल कोळी. मागच्या खोलीत ओटा, चहाचं टेबल आणि मंडळी. प्रत्येक टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि घराचा एकच कायदा होता. पुढून मागे जायचं, मागून पुढे कधीही नाही. कारण कपड्याला, केसांना, हाताला चिकटून हे जीव सहज फिरतात. मधल्या खोलीतून पुढे आलात तर निरोगी रोपांना रोग लागणार. मागच्या खोलीतून मधे आलात तर त्याहून वाईट, मंडळी अन्नाच्या कोठारात शिरणार.

आता पाहुण्यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. पुढच्या खोलीत बसलात तर पाणी मिळायचं. चहा हवा असेल तर मागच्या खोलीत यावं लागायचं, आणि एकदा तिथे आलात की बाहेर पडायचं ते मागच्या दाराने, पाण्याच्या पंपाजवळून. तुम्ही चहा पीत असताना बाई वॉचमनला खिडकीतून हाक मारायच्या आणि तो तुमच्या चपला इमारतीला वळसा घालून मागे आणून ठेवायचा. सोसायटीत पंपाजवळून कोणी रुमालाने तोंड पुसत येताना दिसलं की लोक ओळखायचे, बाईंकडे चहा झालेला आहे.

स्वतः बाईंनाही सूट नव्हती. सकाळी पुढून सुरुवात करून त्या मागे पोचायच्या, तिथेच अंघोळ करायच्या, धुतलेले कपडे घालून मागच्या दाराने निघायच्या आणि ओल्या केसांनी इमारतीला प्रदक्षिणा घालून पुढच्या दाराने परत आपल्याच घरात यायच्या. पावसाळ्यात छत्री घेऊन.

त्यांचा एकुलता एक भाऊ पुण्याला. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे माहेर म्हणा, सासर म्हणा, सगळं तो दादाच. एका भाऊबिजेला तो आला, मागच्या खोलीत ओवाळून झालं, फराळ झाला, आणि निघताना त्याला मागचं दार दाखवलं गेलं. चपला तिकडे मांडलेल्या. "बहिणीच्या घरातून मी गड्यामाणसासारखा मागच्या दाराने जायचं?" असं म्हणून तो जो गेला, तो वर्षानुवर्षं फिरकला नाही. फोन सणासुदीला, तोही वहिनी लावून द्यायची. बाई हे सांगताना हसायच्या. पण दरवर्षी दिवाळीनंतर दोन दिवस नर्सरीत येऊन त्या कुंड्यांमधलं तण उपटत बसायच्या, ते मी बघितलेलं आहे.

मनीषाला बाईंकडे मीच घेऊन गेले. मुरबाडच्या बाजूला तिचं जरबेराचं पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या छताखालची बंदिस्त फुलशेती. नवरा पहाटे टेम्पोतून फुलं कल्याणच्या बाजारात आणतो, आतलं काम ती आणि तिचे सासरे करतात. माझ्याकडे मोगऱ्याची कलमं न्यायला आली आणि बाकावर बसली ती उठेचना. चौथा महिना होता. पॉलिहाऊसमध्ये आठवड्याला औषधाची फवारणी, वारा खेळत नाही, वास दिवस-दिवस आत कोंडून राहतो. आदल्या खेपेला तिचं मूल राहिलं नव्हतं. ते कशाने ते कोणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या मनाने घेतलं होतं की या वासानेच.

"डॉक्टर बोलतात आत जाऊ नका," ती म्हणाली. "नाय गेले तर फुलं कोण काढणार? आणि औषध नाय मारलं तर फुलंच राहात नायत."

बाईंनी तिला भिंगातून मंडळी दाखवली. मनीषा बराच वेळ बघत राहिली. बाई कधी कोणाला खात्री देत नसत. "बघू, जगली तर जगली," एवढंच म्हणायच्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "आजपासून फवारणी बंद करा. आधीचं औषध उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, नाहीतर मंडळी मरतात. मग मी भरपूर घेऊन येईन. माझा शब्द आहे."

मनीषाने सासऱ्यांना कसंबसं राजी केलं आणि फवारणी थांबवली. फवारणी थांबली की लाल कोळी वाढणार हे उघड होतं. मधल्या काळात बाई मंडळींची फौज तयार करणार होत्या. सगळं नीट जमून आलं होतं.

आठ-दहा दिवसांनी मी सहज त्यांच्याकडे गेले. मधल्या खोलीतून जाताना थबकले. एरवी जाळ्या धरलेली, पिवळी पडलेली ती रोपं चक्क तरारली होती. शेंड्याला पोपटी पानं फुटली होती. मी आपली मनापासून म्हणाले, "अय्या, काय सुंदर झालीत झाडं."

बाई मागच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्या रडत होत्या. बाईंना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"सुधारली," त्या म्हणाल्या. "सगळी झाडं सुधारली. अन्न संपलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या आठवड्यात सकाळी त्या मागच्या खोलीत मंडळींची पानं हाताळत होत्या. दोन्ही हात, अंगावरचा एप्रन, सगळं मंडळींनी भरलेलं. तेवढ्यात पुढच्या दाराशी कोणीतरी हाक मारली. लहानपणच्या नावाने. कुठलं नाव ते बाईंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

"मी धावत गेले," बाई म्हणाल्या. "मधल्या खोलीतून, तशीच, त्या एप्रनने. दार उघडलं तर दादा काठी टेकत उभा. केवढा वाळलाय. मी त्याला तशीच बिलगले."

"मग काय करणार होतात?" मी म्हटलं. "थांब हं, अंघोळ करून येते म्हणणार होतात?"

त्या डोळे पुसता पुसता हसल्या. "आणि निघताना मी त्याला पुढच्या दाराने सोडलं. चहा मागे पिऊन झाला होता, तरी. त्याच्या चपलांना मी हात लावू दिला नाही."

दोन दिवसांनी भिंगातून बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं, पण एवढ्याशा जिवांना वेचून बाहेर कसं काढणार? मधल्या खोलीत शिरलेल्या मंडळींनी कोठार फस्त केलं. मागच्या खोलीतल्या मंडळींना रोज लागणारी पानं त्याच कोठारातून यायची. आता दोन्हीकडे उपास. उपाशी मंडळी आधी अंडी घालायची थांबतात, मग एकमेकांना खातात, मग संपतात. दूरच्या प्रयोगशाळेतून मागवायची तर वेळ लागणार, आणि एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत ती शिजूनच पोचली असती. तिकडे मनीषाचे फोन येत होते, पानं पिवळी पडायला लागलीत, सासरे पंप बाहेर काढून बसलेत.

आता आम्हाला हवा होता रोग. भरपूर, ताजा, औषध न लागलेला. म्हटलं, त्याला काय तोटा, उन्हाळ्याचे दिवस, शीळ रस्त्याची धूळ. मी माझ्या नर्सरीतलं पान न् पान बघितलं. काही नाही. जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. "ताई, तुमच्या त्या बाई पानं अडकवून गेल्या तेव्हापासून एकदम मस्त आहेत झाडं." ठाण्याच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल केला तर तिने गच्चीतली कुंडी न् कुंडी अभिमानाने दाखवली. गेल्या काही वर्षांत बाईंनी ओळखीपाळखीच्या सगळ्या बाल्कन्या साफ करून ठेवल्या होत्या. मी इतक्या लोकांना इतक्या आशेने "काही रोग पडलाय का हो?" असं विचारलं की, आमचे हे म्हणाले, "धंदा बंद करायचा विचार आहे का?"

शेवटी बाईंनाच कल्याणजवळचं मोहने गाव आठवलं. तिथे नदीकाठी त्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन कीटक दाखवायला जायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. काठाने भाजीचे वाफे होते आणि बाई एका भेंडीच्या वाफ्याशी वाकल्या त्या वाकल्याच. मी भिंग घेऊन पलीकडून. दोन बायका भर उन्हात पानांना नाकं लावून उभ्या, हे बघून वाफ्याची मालकीण आली. आगरी म्हातारी, डोक्यावर पदर, हातात विळा.

"काय हरवलाय काय तुमचा?"

"मावशी, या भेंडीवर रोग पडलाय ना?" बाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता.

म्हातारीला ते आवडलं नाही. "पडलाय. मंग? सगल्यांच्याच भेंडीवर पडलाय. माजीच बगाला आलाव?"

"औषध मारलंत का?"

"लेक आनाला गेलाय. सांजच्याला मारील."

बाईंनी तिचा विळ्याचा हातच धरला. "मग आत्ता आम्हाला द्या."

"भेंडी?"

"पाला. हा असा, जाळी धरलेला. जेवढा असेल तेवढा."

म्हातारीने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "ही बरी हाय ना?" मी म्हटलं, "बरी आहे. एका पोरीसाठी चाललंय हे सगळं." आणि मनीषाची गोष्ट तिला थोडक्यात सांगितली. म्हातारी ऐकत राहिली. मग खाली बसली आणि विळ्याने पाला कापायला लागली. आम्ही दोन गोण्या भरल्या. निघताना तिने कोवळी भेंडी बाईंच्या पदरात टाकली. "पाल्यावर जगताव व्हय? ही पन न्या. पोरीला पन द्या."

रिक्षावाला गोण्या बघून म्हणाला, "ताई, आत जिवंत काय नाय ना?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "हजारोंनी."

मी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. विठ्ठलवाडीपर्यंत तो बिचारा दर सिग्नलला मागे वळून बघत होता.

पुढचे दिवस मी नर्सरी ह्यांच्यावर टाकून बाईंकडे राबले. मोहन्याला आणखी दोनदा जाऊन आले. मधली खोली आम्ही धुऊन काढली, नवी रोपं लावली, अर्धा पाला त्यावर पसरला आणि अर्धा मागे मंडळींना वाढला. वाढला हाच शब्द बरोबर आहे, कारण बाई अगदी पंगतीत फिरल्यासारख्या फिरत होत्या. पहिले दोन दिवस काहीच हललं नाही. बाई धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंग दिलं. एका शिरेच्या कोपऱ्यात एक लांबट, पाण्यासारखं अंडं होतं. लाल कोळ्याचं गोल असतं, एवढं मीही तोवर शिकले होते.

"घातलं," बाई म्हणाल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

ठरल्यापेक्षा उशिराने, पण आम्ही मनीषाकडे पोचलो. पहाटेच निघालो, मनीषाच्या नवऱ्याच्या परतीच्या टेम्पोत फुलांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये पानांच्या पिशव्या, वर ओलं फडकं. पॉलिहाऊसच्या दारात तिचे सासरे बसले होते. शेजारी पंप, पंपात औषध कालवून तयार. म्हातारा वाईट नव्हता. डोळ्यांसमोर फुलं बसत होती आणि सून रोज भांडत होती, एवढंच.

त्यांनी पिशवीतलं एक पान हातात घेतलं. "यावर तं काय दिसत नाय."

"बारीक आहेत," बाई म्हणाल्या.

"आन् हे काम करतील?"

मला वाटलं, आता बाई त्यांना पानाच्या पाठीपासून सगळं शिकवायला घेणार. पण त्या म्हणाल्या, "आजोबा, मी चुकले म्हणून उशीर झाला. माझी चूक आहे, हिची नाही. मला आठ दिवस द्या."

म्हाताऱ्याने सुनेकडे बघितलं. ती पोटावर हात ठेवून उभी होती. त्यांनी पंप उचलला, पॉलिहाऊसच्या मागे नेला आणि उकिरड्याच्या खड्ड्यात रिता करून आले. "आठ दिस," ते म्हणाले. मग आम्ही चौघांनी मिळून ओळीओळीने पानं ठेवली.

आठ दिवसांत फार काही झालं नाही. म्हाताऱ्याने आणखी आठ दिले. ते त्यांनी का दिले ते मला आजही माहीत नाही. बाई रोज संध्याकाळी त्यांना फोन करून हवा कशी आहे ते विचारायच्या, कदाचित त्याचा गुण असेल. मग एका सकाळी मनीषाने फोटो पाठवला. पानाच्या पाठीचा. जाळी नव्हती. खाली तिने लिहिलं होतं, "बाईना सांगा मंडळी जेवली."

त्यानंतर तिथे पुन्हा फवारणी झाली नाही. भाद्रपदात मनीषाला मुलगी झाली. बाई बाळंतविडा घेऊन गेल्या. विणलेलं टोपडं, डिंकाचे लाडू आणि एक भिंग.

दिवाळीनंतर दादाला एकट्याने चालवेना झालं. वहिनी थकली होती. बाईंनी फार विचार केला नाही. मधली खोली, मागची खोली, सगळं त्यांनी हळूहळू मनीषाकडे हलवलं. पॉलिहाऊसच्या बाजूला शेडमध्ये तीन कप्पे करून घेतले, तिला आणि सासऱ्यांना शिकवलं, महिनाभर येऊन-जाऊन तपासलं, आणि डोंबिवलीचं घर बंद करून त्या पुण्याला भावाकडे गेल्या. फोनवर खूश वाटायच्या. दादा दिवसभर चिडचिड करतो, बुद्धिबळात फसवतो, असं तक्रारीच्या सुरात पण मजेत सांगायच्या. मी म्हणायचे, कंटाळा येत नाही का, तर म्हणायच्या, "अगं, इतकी वर्षं त्याच्याशी भांडायचं राहून गेलं होतं. वेळ कुठे आहे कंटाळायला?"

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. सकाळचा चहा पिऊन खुर्चीत बसल्या आणि तशाच. दादाने स्वतः फोन करून सांगितलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. शीळ रस्त्यावर कोणी वयस्कर बाई रिक्षातून उतरली की मी नकळत उठून उभी राहते.

तो फोन आला त्या दिवशी मी नर्सरी बंद केली आणि मनीषाकडे गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती पॉलिहाऊसमध्ये फुलं काढत होती, सासरे टोकाला जुड्या बांधत होते. मी सांगितलं. मनीषाने हातातली फुलं खाली ठेवली, मग पुन्हा काढायला लागली, कारण टेम्पो यायची वेळ झाली होती. मीही तिच्याबरोबर काढू लागले.

तिची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागलेली. दोन ओळींच्या मधून झाडांना धरत धरत ती आमच्याकडे येत होती. मधेच बसली, बुडातलं एक पान ओढून तोडलं आणि तोंडात घातलं. मनीषाने बघितलं, म्हाताऱ्याने बघितलं, मी बघितलं. दुसऱ्या कुठल्याही फुलशेतीत आम्ही तिघेही ओरडत धावलो असतो. कोणी जागचं हललं नाही. तिने पान चावून बघितलं, तोंड वाकडं केलं, थुंकून टाकलं, आणि पुढच्या झाडाला धरून पुन्हा उभी राहिली.